पिशवीची उलटी बाजू

गेल्या दिवाळीत दुबईहून आलेल्या माझ्या चुलतवहिनी आमच्या नाशिकच्या जेलरोडच्या घरी तीन दिवस मुक्कामाला होत्या, आणि त्या तीन दिवसांत त्यांच्याशी गप्पा मारण्यापेक्षा त्यांची सॅक न्याहाळण्यातच माझा अधिक वेळ गेला, हे मी निघताना त्यांच्यापाशी कबूलही केले. सॅक काळ्या नायलॉनची होती. वर झाकण, झाकणाखाली नाडीने आवळले जाणारे तोंड, समोर बकलाचा खिसा आणि त्या खिशावर मिलानच्या प्रादा या घराण्याचे नाव मिरवणारा छोटासा त्रिकोणी पत्रा. लांबून पाहिले तर कॉलेजला जाणाऱ्या कोणत्याही मुलीच्या पाठीवर शोभावी अशी ती साधी वस्तू होती. किंमत वहिनींनी सांगितली नाही आणि आम्ही विचारली नाही. पण पुण्यात शिकणाऱ्या आमच्या मुलीने रात्री मोबाईलवर शोधून ती माझ्या कानात सांगितली, आणि ती लाखाच्या पुढची होती.

"मला अशी हवी," असे ती म्हणाली नाही. ती म्हणाली, "बाबा, अशी आपल्याला करता येईल का रे?" सातपूरच्या एका कारखान्यात मी तीस वर्षे पत्र्याच्या कामाची ड्रॉइंग काढत आलो आहे. "मला हवी" या मागणीला नाही म्हणणे मला जमते, पण "करता येईल का" या प्रश्नाला नाही म्हणणे आजवर जमलेले नाही. दुसऱ्या दिवशी वहिनींची परवानगी घेऊन मी त्यांच्या सामानासकट सॅकची मापे घेतली, खाकी कागदावर तिचा पुढचा भाग, बाजूची पट्टी आणि झाकण असे तीन आकार उतरवून घेतले, आणि मग धीर करून विचारले, "वहिनी, जरा उलटी करून पाहू का?" त्या क्षणभर बिचकल्या. त्यांनी आतले सामान काढून दिले, पण मी सॅकचे आतडे बाहेर काढत असताना त्या माझ्यासमोरून हलल्या नाहीत.

उलटी करून पाहण्याची खोड मला आईकडून लागली आहे. आईचे वय आज अठ्ठ्याहत्तर आहे, नजर अधू झाली आहे, परंतु कोणतेही शिवलेले वस्त्र हाती आले की ती आधी ते उलटे करते आणि शिवणीवरून अंगठा फिरवते. माझ्या लग्नाची पैठणी घेण्यासाठी आम्ही येवल्याला गेलो होतो तेव्हाही तिने पदरावरच्या मोरांकडे पाहिलेसुद्धा नाही. तिने पदर उलटा केला. हातमागावरच्या अस्सल पैठणीच्या पदराची नक्षी मागूनही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते, कारण विणकर प्रत्येक रंगाचा धागा त्या त्या जागी दुसऱ्या धाग्यात गुंतवून परत फिरवतो. यंत्रावरच्या नकलेत तेच धागे मागच्या बाजूला मोकळे लोंबत राहतात. विणकरालाही तिच्या त्या कृतीचा राग आला नाही. उलट त्याने स्वतःच दिवा जवळ आणून धरला.

वहिनींची सॅक उलटी केल्यावर मला दोन गोष्टी दिसल्या. पहिली ही, की अस्तरावरही त्या घराण्याचे नाव विणलेले होते, म्हणजे ज्या ठिकाणी फक्त मालकाची नजर जाणार त्या ठिकाणीही त्यांनी आपले नाव सोडले नव्हते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची होती. आत कापडाची एकही कच्ची कड उघडी नव्हती. प्रत्येक शिवण पट्टीने बंद केलेली होती, टाके मोजून घेतल्यासारखे सारखे होते, आणि पट्टे जिथे पाठीच्या भागाला जोडले होते तिथे पट्टा दोन थरांच्या मधून आत खोल नेलेला होता. बाहेरून साध्या दिसणाऱ्या त्या वस्तूतले कष्ट आत दडलेले होते. लाखाचा हिशेब त्यामुळे जुळतो असे मी म्हणणार नाही. कष्टाचे पैसे एवढे होत नाहीत, उरलेले त्रिकोणाचे असतात. पण त्रिकोणाखाली काहीच नव्हते असेही मला आता म्हणता येत नाही.

त्या घराण्याचा इतिहास मी नंतर वाचला तेव्हा मला गंमत वाटली. मारिओ प्रादा यांनी १९१३ साली मिलानमध्ये चामड्याच्या पेट्या आणि प्रवासाच्या सामानाचे दुकान काढले. तो त्रिकोण मुळात त्यांच्या पेट्यांवरचा. त्यांची नात मिउच्चा प्रादा यांनी राज्यशास्त्रात डॉक्टरेट घेतली होती, मूकनाट्याचे शिक्षण घेतले होते, आणि १९७८ साली घरचा धंदा त्यांच्या हाती आला. १९८४ साली त्यांनी चामडे बाजूला ठेवून काळ्या नायलॉनची सॅक काढली. या धंद्यात नायलॉन म्हणजे तोवर कारखान्याचे आणि सैन्याचे कापड. अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीत वॉलेस कॅरदर्स यांच्या प्रयोगशाळेत १९३५ साली ते जन्मले, १९४० साली त्याचे पायमोजे बाजारात आले, आणि अमेरिका महायुद्धात उतरताच ते पायमोज्यांतून निघून पॅराशूटमध्ये आणि दोरखंडांत गेले. असे राबते कापड श्रीमंतांच्या पाठीवर चढवायचे ही कल्पना पहिल्यांदा लोकांच्या पचनी पडली नाही. पुढे नव्वदच्या दशकात मात्र तीच सॅक त्या घराण्याची ओळख झाली. २०१९ पासून ते घराणे मासेमारीची जुनी जाळी आणि कापडाचा टाकाऊ माल यांपासून नव्याने केलेले नायलॉन वापरू लागले आहे. टाकाऊ मालाची पिशवी हा शब्दप्रयोग आमच्या घरात वेगळ्या स्वरात उच्चारला जात असे.

कारण त्याच १९८४ साली मी सहावीत होतो, आणि माझे दप्तर फाटले होते. वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. आमच्याकडे नुसते प्रेस म्हटले की देशाची टपालाची तिकिटे जिथे छापतात ती प्रेस, हे वेगळे सांगावे लागत नाही. ते रोज छत्री घेऊन सायकलवर जात, आणि त्या वर्षीच्या पावसाळ्यात छत्रीच्या दोन काड्या मोडून ती कामातून गेली होती. छत्रीच्या आठ काड्यांमध्ये आठ त्रिकोणी कळ्या असतात. आईने त्यांतल्या दोन झिजलेल्या टाकून दिल्या, उरलेल्या सहा काळ्या कळ्या उलटसुलट जोडून त्यांचा एक आयत केला, आतून वडिलांच्या जुन्या खाकी पँटचे अस्तर लावले आणि खांद्यावर घ्यायला दोन पट्टे शिवून दिले. वर्गातल्या मुलांकडे रेक्झिनची विकत घेतलेली दप्तरे होती. माझ्या पाठीवर छत्री आहे हे त्यांना ओळखू यायला पहिला तासही लागला नाही, आणि पुढचे कितीतरी दिवस पाऊस आला की कोणीतरी मला "उघड, उघड" असे ओरडत असे. मी ते दप्तर दिवाळीनंतर वापरणे बंद केले. आईने कारण विचारले नाही आणि मीही ते सांगितले नाही. त्याच वर्षी मिलानमध्ये कोणी काळ्या कापडाची सॅक शिवत होते, हे माझ्या कानावर यायला चाळीस वर्षे लागली.

असो. सामान जमवण्यासाठी मी एका रविवारी मेनरोडला गेलो आणि रविवार कारंजापासून शालिमारपर्यंत तीन चकरा मारल्या. बाजारात या पातळ कापडाला सरसकट पॅराशूट म्हणतात. मला त्याहून जाड हवे होते. दुकानदाराने ठाण पुढे सरकवत विचारले, "किती डेनिअर देऊ, काका?" डेनिअर म्हणजे नऊ हजार मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन, हे माप रेशमाच्या व्यवहारातून आलेले आहे, आणि आता ते नायलॉनसारख्या कारखान्यातल्या धाग्यालाही लावतात. मी चारशेवीस डेनिअरचे दीड मीटर घेतले. त्याच्या मागच्या बाजूला पाणी अडवणारा पातळ थर असतो, तो बोटाला किंचित रबरासारखा लागतो आणि तो आत घ्यायचा असतो. खिशासाठी पाच नंबरची चेन मीटरवर मिळाली, तिचा रनर वेगळा घ्यावा लागला. पट्ट्यांसाठी नायलॉनची निवार, दोन बकले, नाडीसाठी पितळी रिंगा, पट्ट्यांच्या आत घालायला फोमची पट्टी, पॉलिएस्टरचा जाड दोरा आणि अठरा नंबरच्या सुया. दुकानदाराने सुती दोरा देऊ केला होता, पण सुती दोरा भिजून भिजून कुजतो आणि कापड टिकून दोराच आधी जातो. सगळे मिळून अकराशे चाळीस रुपये झाले. हा आकडा मी मुद्दाम लिहितो, कारण ज्यांना ज्यांना मी सॅक दाखवली त्या सर्वांनी हाच आकडा विचारला, आणि तो लाखातून वजा करून माझे अभिनंदन केले. माझे एकतीस तास कोणी वजा केले नाहीत.

मशीन आईचेच होते, वडिलांच्या बोनसमधून घेतलेले पायमशीन. त्याला मोटर बसवून घ्या असे अनेकांनी सुचवले, पण जाड कामाला पायमशीनच बरे. मोटर एकदा सुटली की सुटली, आणि पायमशीनवर मात्र चाक हाताने फिरवून एक एक टाका घेता येतो. मी लहानपणी चड्ड्यांना टीप मारण्यापलीकडे त्याच्यावर काही केले नव्हते. आईने खुर्ची ओढून शेजारी बसायचे आणि मी शिवायचे, असा आमचा महिनाभराचा क्रम ठरला. तिला सुईचे टोक दिसत नव्हते, परंतु आवाज ऐकू येत होता. "वरचा ताण सैल आहे," असे ती स्वयंपाकघरातूनही सांगत असे, आणि मी कापड उलटे केले की खाली दोऱ्याची घरटी झालेली असत. मशीनचा टाका म्हणजे वरच्या दोऱ्याने खालच्या बॉबिनच्या दोऱ्याला कापडाच्या पोटात घातलेली गाठ असते. दोघांचा ताण सारखा असेल तर ती गाठ मधोमध बसते आणि कोणत्याच बाजूला दिसत नाही. वरचा ढिला पडला तर खालचा त्याला ओढून नेतो. कारखान्यात एवढी साधी गोष्ट समजावून सांगायला आम्ही तीन आकृत्या काढल्या असत्या.

नायलॉन हे कापड शिकाऊ माणसाची परीक्षा पाहणारे आहे. ते निसटते, घडीवर घडी राहत नाही, आणि त्याला टाचणी लावली की टाचणीचे भोक कायमचे राहते. सुती कापडात भोक बुजते, कारण धागे सरकून जागा भरून काढतात. या कापडाच्या मागचा थर एकदा छेदला की छेदलेलाच. म्हणून मी टाचण्यांऐवजी दोरीवरचे कपड्यांचे चिमटे लावले, आणि खोलीत सॅकचा पुढचा भाग वाळत घातल्यासारखा दिसू लागला. कापल्यावर कडा सुटतात, त्या मेणबत्तीच्या ज्योतीजवळून झरकन न्यायच्या असतात म्हणजे धाग्यांची टोके वितळून एकमेकांना धरून बसतात. झरकन या शब्दाला इथे फार अर्थ आहे. माझी पहिली बाजूपट्टी थोडी रेंगाळली आणि तिची कड भाजलेल्या पापडासारखी वळली.

पण माझी खरी फजिती कोपऱ्यावर झाली, आणि तीही ज्या विषयाचा मी पगार घेतो त्याच विषयात. सॅकच्या पुढच्या भागाचे खालचे दोन कोपरे गोल आहेत, आणि त्यांच्या कडेने बाजूची सरळ पट्टी वळवून शिवायची असते. शिवणीची त्रिज्या चाळीस मिलिमीटर होती. शिवणीबाहेर बारा मिलिमीटर वाढीव कापड, म्हणजे माया, ठेवली होती, म्हणजे कापलेल्या कडेची त्रिज्या झाली बावन्न. बाजूपट्टीची लांबी ठरवताना मी पुढच्या भागाच्या कडेवर टेप फिरवला आणि तेवढीच पट्टी कापली. शिवायला बसलो तर पट्टी लांब, चांगली ३८ मिलिमीटर जास्त. मला वाटले कापड ताणले गेले. दुसऱ्यांदा कापली, पुन्हा तेवढीच जास्त. तेव्हा कुठे कागद घेऊन बसलो आणि लक्षात आले, की शिवण चाळीस त्रिज्येच्या कंसावरून जाते, तिथे पाव वर्तुळाची लांबी जेमतेम त्रेसष्ट मिलिमीटर असते; कड बावन्नच्या कंसावर असते, तिथे ती ब्याऐंशी भरते. दर कोपऱ्याला एकोणीस मिलिमीटरचा फरक, दोन कोपऱ्यांचे अडतीस. पत्रा वाकवताना आतली आणि बाहेरची लांबी वेगळी धरायची हे मी नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवतो.

आईला मी हा सगळा हिशेब सांगितला. तिने तो शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि म्हणाली, "अरे, शिवणीवरून मापायचं असतं. कडेवरून कोण मापतं?" मग तिने पट्टी हातात घेऊन, नजरेने नव्हे तर नखाने जागा ठरवून, पट्टीच्या मायेत बोटाबोटाच्या अंतरावर बारीक कट मारायला सांगितले. सरळ कडेला बाहेरच्या मोठ्या कंसावर पसरायचे असेल तर ती कुठेतरी उघडली पाहिजे; कट उघडतात, आणि पट्टी कुरकुर न करता वळते. माझ्या अडतीस मिलिमीटरांचे उत्तर तिच्याकडे नखाच्या रूपात तयार होते. शिवणकामातली ही माया फार ठेवली तर काम ढोबळ होते व कमी ठेवली तर उसवते, हे तिने मला त्या संध्याकाळी दोनदा सांगितले. दुसऱ्यांदा ती कापडाबद्दलच बोलत होती की नाही, याची मला खात्री नाही.

सॅक आकाराला आल्यावर त्रिकोणाचा प्रश्न निघाला. हुबेहूब तसे त्रिकोणी पत्रे मिळवणे आजकाल अवघड राहिलेले नाही, आणि मुलीच्या एका मैत्रिणीने तसा एक आणून देण्याची तयारीही दाखवली होती. मी नाही म्हटले. आकार पाहून शिकणे ही एक गोष्ट आहे. सुतार, सोनार, शिंपी सगळे तसेच शिकतात, समोरची वस्तू पाहायची, मोडून पाहायची, पुन्हा करायची. दुसऱ्याचे नाव आपल्या वस्तूवर लावणे म्हणजे मात्र सरळ खोटे बोलणे. मी ही भूमिका मुलीला बऱ्याच गांभीर्याने समजावून सांगितली, आणि ती मला पटल्यासारखी मान हलवत होती. मग ती म्हणाली, "पण बाबा, मग कोल्हापुरीचं काय?"

२०२५ च्या जून महिन्यात मिलानमध्ये याच घराण्याचा पुरुषांच्या कपड्यांचा शो झाला, त्यात मॉडेलांच्या पायात कोल्हापुरी चपला होत्या. निदान इथल्या माणसाला त्या कोल्हापुरीच दिसल्या. तिथे त्यांना नुसत्या चामडी सँडल म्हटले होते. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, आणि ते महाराष्ट्रातल्या व कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांच्या कारागिरांचे आहे. आपल्याकडे चांगलाच गदारोळ झाला, आणि मग त्या चपलांची प्रेरणा भारतीय हस्तकलेची आहे हे कंपनीने मान्य केले. मी त्या वेळी चहाच्या टपरीवर त्या घराण्याला बरेच काही बोललो होतो, आणि ते मुलीच्या लक्षात होते.

"त्यांनी आकार घेतला आणि नाव घेतलं नाही, म्हणून तू चिडला होतास," ती म्हणाली. "आता तू त्यांचा आकार घेतलास आणि नाव घेत नाहीस, आणि म्हणतोस हा प्रामाणिकपणा आहे."

मला लगेच उत्तर सुचले नाही. मी एक सॅक घरासाठी शिवतो आहे, ते शेकड्याने विकणार होते, हा फरक खराच आहे आणि तो लहान नाही. जे अंगठ्याला चामड्याचा वास घेऊन आयुष्यभर बसतात त्यांच्या कामावर दुसऱ्याने नफा कमवायचा आणि त्यांचे गावही सांगायचे नाही, आणि इथे एका कारकुनी माणसाने पायमशीनवर एक सॅक शिवायची, या दोन गोष्टी एका तागडीत घालता येणार नाहीत. पण तिच्या प्रश्नाचे टोक त्याने बोथट होत नव्हते. नाव लावले तर खोटे, नाव न लावले तर उसने घेतल्याची कबुली नाही. दोन दिवस मी हे डोक्यात घोळवत कारखान्यात जात होतो आणि तिसऱ्या दिवशी, एक जुने ड्रॉइंग काढून नवे करत असताना, उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीकडे माझे लक्ष गेले. आमच्या धंद्यात एका ड्रॉइंगवरून दुसरे काढले, तर त्या चौकटीत मूळ ड्रॉइंगचा क्रमांक लिहावाच लागतो. मूळ काढणाऱ्याचे श्रेय म्हणून नव्हे, तर उद्या काही चुकले तर कुठे जाऊन पाहायचे ते कळावे म्हणून. तीस वर्षे मी ती चौकट भरतो आहे.

म्हणून सॅकच्या आतल्या खिशात, अस्तराच्या पांढऱ्या पट्टीवर, धोब्याच्या शाईने मी दोन ओळी लिहिल्या. पहिली ओळ, "आकार: मिलान, १९८४ च्या सॅकवरून." दुसरी, "शिवण: नाशिकरोड." मुलीने ते वाचले आणि खालच्या मोकळ्या जागेत आपल्या हाताने तिसरी ओळ लिहिली, "कोपरे: आजी."

आईला मी ते वाचून दाखवले. ती हसली नाही. तिने सॅक मागून घेतली, उलटी केली आणि नेहमीप्रमाणे शिवणींवरून अंगठा फिरवायला सुरुवात केली. खाली कोपऱ्यांवर तो थांबला नाही, तोंडावरच्या रिंगांपाशी थोडा रेंगाळला, आणि डाव्या पट्ट्याच्या मुळाशी मात्र आला आणि तिथेच पुढेमागे फिरत राहिला.

पट्टे जोडणे हे सगळ्यात कठीण काम होते, आणि तिथे मी आईचे ऐकले नव्हते. त्या एका जागी बाहेरचे कापड, अस्तर, निवारीच्या दोन घड्या, फोम आणि वरून कापडाचे वेष्टण असे थरावर थर येतात. मशीनचा पाय त्यावर चढेना, चाक हाताने ढकलावे लागले, एक सुई मोडून तिचे टोक भिंतीवर जाऊन आपटले. हे एवढे जड काम भक्कमच झाले पाहिजे म्हणून मी टाका अगदी बारीक केला आणि एकावर एक अशा तीन टिपा मारल्या. चौकोन शिवून त्यात फुली मारली, जशी वहिनींच्या सॅकला होती, फक्त तिच्याहून दाट. माझ्या डोळ्यांना ती शिवण फार मजबूत दिसत होती.

"इथे जाईल हे," आई म्हणाली.

मी म्हणालो, "आई, तीन टिपा आहेत."

"म्हणूनच म्हणते."

सॅक पुण्याला गेली. पहिल्या पावसात शिवणींच्या भोकांतून थोडे पाणी झिरपले, तेव्हा मुलीने फोनवरून विचारून सगळ्या शिवणींवर मेणबत्ती घासली आणि ते बरेचसे थांबले. लॅपटॉप, डबा, पाण्याची बाटली आणि ग्रंथालयाची पुस्तके असा सगळा भार सॅक वाहत होती. गणपतीला मुलगी घरी आली तेव्हा सॅक तिच्या एकाच खांद्यावर होती, कारण डावा पट्टा मुळापासून सुटला होता.

मी तो जवळ घेऊन पाहिला. दोरा तुटला नव्हता. तिन्ही टिपांचा दोरा जसाच्या तसा शाबूत होता. फाटले होते ते कापड, आणि तेही टाक्यांच्या रेषेवरून इतके सरळ, की फाडून काढल्यासारखे. अठरा नंबरच्या सुईने मी दर मिलिमीटर दीड मिलिमीटरवर एक भोक पाडले होते, आणि तेही तीन वेळा. म्हणजे पोस्टाच्या तिकिटाला वेगळे करता यावे म्हणून कडेने जशी भोके पाडतात, तशीच भोके मी पट्ट्याच्या मुळाशी पाडून ठेवली होती. ज्या घरातल्या कर्त्या माणसाने उभी नोकरी तिकिटांच्या प्रेसमध्ये केली, त्या घरातल्या मुलाला ही गोष्ट अठ्ठेचाळीस पानांच्या वहीत मापे लिहूनही कळली नव्हती. वहिनींच्या सॅकचे टाके दाट नव्हते ते का, याचा उलगडाही मला तेव्हाच झाला. पट्ट्याचा भार तिथे टाक्यांवर नव्हता. आत खोल गेलेल्या त्या पट्टीवर तो पसरलेला होता, आणि टाक्यांनी ती पट्टी फक्त जागेवर धरून ठेवलेली होती. ते मी उलटे करून पाहिले होते, कागदावर उतरवून घेतले होते, आणि तरी मला ते दिसले नव्हते.

आरतीनंतर मशीनवरचे कापड काढले. ब्लेडने जुने टाके उसवले, फाटलेल्या जागेच्या मागे हातभर लांब निवार आडवी घातली, ती दोन्ही बाजूच्या शिवणींत अडकवली, आणि टाका मोठा करून फक्त एकदाच चौकोन आणि फुली मारली. या वेळी चाक ढकलावे लागले नाही. आईच्या हाती सॅक दिली. तिने ती उलटी केली, डाव्या पट्ट्याच्या मुळाशी अंगठा नेला, निवारीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो सरकवला आणि मान हलवली. मग तोच अंगठा उजव्या पट्ट्याकडे गेला, जिथे माझ्या जुन्या तीन टिपा अजून तशाच होत्या.

"आता हाही उसव," असे म्हणून तिने ब्लेड माझ्याकडे सरकवले.